खोंड माणसाळवणारे चांगदेव अण्णा

कळंबच्या चांगदेव अण्णांनी उभ्या जन्मात शेकडो खोंड औताला लावले, पण एकाच्याही पाठीवर चाबूक उठवला नाही. बेल्ह्याच्या बाजारात बुजरा खोंड घेतला की माणसं तो टेम्पोत घालून थेट अण्णांच्या गोठ्यावर आणत. पहिले चार दिवस अण्णा त्याला हातही लावत नसत. तिथंच बसून भाकरी खायची आणि त्याच्यापुढं गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या. पाचव्या दिवशी खोंड आपणहून मान पुढं करी, खाजवून घ्यायला. मग त्याला एखाद्या शहाण्या बैलाच्या जोडीला जुंपायचं. काय दिवस होते ते! आता ट्रॅक्टरनं सगळं गिळलं. गोठ्यात नातीची स्कूटी उभी असते आणि दावण रिकामी.

नात आरोही मंचरला कॉलेजात इंग्रजी शिकते. परवा ओट्यावर अभ्यास करता करता म्हणाली, "अण्णा, ऐका. 'डॉन्ट' म्हणून एक शब्द आहे. 'नको'वाला नाही, दुसरा. म्हणजे धाक दाखवून समोरच्याचं धैर्य खचवणं. आणि त्याचं मूळ कुठलं माहितीय? लॅटिनमधलं. तिथं अर्थ होता जनावर माणसाळवणं!"

"खुळं हायेत का काय!" अण्णा उसळले. "भेवडावलेलं जनावर माणसाळतं व्हय? त्ये फकस्त गप ऱ्हातं."

बोलून गेले आणि त्यांचं त्यांनाच लागलं. कारण खोंडांना जीव लावणारे अण्णा पोटच्या पोराच्या बाबतीत मात्र जमदग्नी होते. त्यांनी नुसते डोळे वटारले की अमृतची, म्हणजे आरोहीच्या बापाची, दातखीळ बसायची. गाव म्हणायचं, काय वळण लावलंय पोराला! अण्णाही मिशीत हसायचे. अमृत आज अठ्ठेचाळीसचा झाला, पण बापासमोर अजून कधी बसलेला नाही. एकदा तरी त्यानं शेजारी बसावं, एवढीच आता म्हाताऱ्याची आस होती.

संध्याकाळी अमृत मंचरच्या बाजारात कांदा घालून आला आणि नेहमीसारखा दाराशी उभा राहिला.

"बस की रं," ओट्यावरून अण्णा म्हणाले.

"नगं अण्णा. बराय हितं."

"अमृता, तुला मी लई भेवडावलं, बाबा. चुकलं माझं. आता तरी बस."

अमृत गडबडला. "न्हाई ओ अण्णा, तसं काय न्हाई," म्हणत झटकन ओट्याच्या कडेला टेकला, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. इतक्या वर्षांनी पोरगा शेजारी बसला होता. पण तो सांगितलं म्हणून बसला होता.