वात सैल हवी

आज मंगळवार, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. पापाटोएटो या उपनगरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये किचनच्या टेबलावर बसून मी व्हेपच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगरेटच्या, नव्या टाकीत कापूस भरत होतो. या टाकीत तयार कॉइल नसते. तार गुंडाळायची, तिच्यात टाकीतला द्रव शोषणारा कापूस ओवायचा, सगळं आपणच. पुढे स्वस्त पडेल म्हणून घेतली. सिगरेट सोडून आज अकरावा दिवस.

व्हिडिओ चार वेळा पाहिला, तार पट्टीने मोजून कापली. तरी तीनदा कापूस भरला आणि तिन्ही वेळा पहिल्याच झुरक्याला जळका धूर घशात गेला. सोबत आलेला कापूस संपला. मग मी जॅकेट घातलं. कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, सिगरेट मिळतेच.

तेवढ्यात फ्लॅटमेट स्नेहलताई हॉस्पिटलमधून आली. ती नर्स आहे. माझ्या जॅकेटकडे बघितलं, टेबलावरचा जळका बोळा उचलला आणि म्हणाली, "अरे, केवढा ठासलायस! समईत अशी घट्ट वात घातली तर तेल वर चढेल का?"

देवाजवळच्या डब्यातला कापूस काढून तिने एक सैल वात वळून दिली. "देवा, माफ कर रे बाबा. आणि तू, पुढे हेही सोडायचंय. कळलं ना?"

चौथ्यांदा जमलं. आनंद वगैरे झाला नाही, नुसता थकलोय. जॅकेट काढून ठेवलं.

तुम्ही सिगरेट सोडताना तुम्हाला दारातून कोणी परत फिरवलं होतं?

खर्च: टाकी, तार आणि कापूस मिळून चौसष्ट डॉलर. सिगरेट: शून्य. देणं: ताईची एक वात.