सुनीताचा नारिंगी जुळत नाही

आज सुनीताला जाऊन वर्ष झालं, आणि मी तिच्यावर अजून भडकलेलो आहे.

कारण हॉलमधली नारिंगी भिंत.

सहा वर्षांपूर्वी आमच्या कोथरूडच्या फ्लॅटचं रंगकाम काढलं. मी बायकोला म्हटलं, चारही भिंती ऑफ-व्हाइट. विषय संपला.

"अहो, घर आहे हे. दवाखाना नाही."

विषय सुरू झाला.

दीड महिना शेड कार्ड! सोफा करडा, पडदे क्रीम, दारं सागवानी. या सगळ्यांना सांभाळून घेईल असा उबदार नारिंगी बाईसाहेबांना एका भिंतीला हवा होता. भगवा नको, "देवळात बसल्यासारखं वाटतं." पीच नको, "पार्लर." विटकरी नको, "शाळा."

दुकानात कॉम्प्युटरवर हजार शेड निघतात. नंबर सांगायचा, डबा घेऊन यायचं. जग असंच करतं.

सुनीताने पांढऱ्या रंगाची बादली आणली, पिवळ्या-लाल स्टेनरच्या छोट्या बाटल्या आणल्या, आणि बाल्कनीत बसून आमटीत तिखट घालावं तसा थेंब थेंब रंग कालवला. थोडा भिंतीला लावायचा, वाळू द्यायचा, दुपारी बघायचा, ट्यूबलाइटमध्ये बघायचा, परत दोन थेंब.

मी विचारलं, "प्रमाण लिहून ठेवतेस ना?"

"पोह्यांचं प्रमाण लिहून ठेवते का मी?"

घ्या!

भिंत झाली. महिनाभर मला तिचा त्रास झाला, मग सवय झाली.

दोन महिन्यांपूर्वी वरच्यांच्या बाथरूमचं पाणी मुरलं आणि त्याच भिंतीचा मधला मोठा तुकडा सोलून निघाला. मारुती पेंटर हडपसरहून आला, पुट्टी भरली आणि म्हणाला, "काका, शेडचा नंबर द्या."

कुठला नंबर?

मुलगी व्हिडिओ कॉलवर म्हणते, "बाबा, सगळंच व्हाइट करून टाका ना. किती स्ट्रेस घेताय!"

अजिबात नाही. सुनीताच्या साड्या मुलीने नेल्या. तिने घातलेलं लोणचं संपलं. तिच्या हातचं आता एवढंच उरलंय या घरात. वर्षश्राद्धाला माणसं येतील तेव्हा तिच्या भिंतीत पांढरं भगदाड नको, एवढीच माझी मागणी होती.

मग काय, भिंतीचा एक टवका टिफिनच्या डब्यात घातला आणि दुकानं पालथी घातली. नारायण पेठेतल्या दुकानदाराने डब्यात डोकावून बघितलं.

"काका, मॅचिंग सेंटर लक्ष्मी रोडला. इथे रंग मिळतो."

धन्यवाद!

सहा नमुने आणले. ओले असताना सगळे जुळायचे. वाळले की कोणी जास्त लाल, कोणी मातकट. मी रोज संध्याकाळी भिंतीसमोर उभा राहून गेलेल्या बायकोशी भांडत होतो. एक चिठ्ठी, सुनीता! एक चिठ्ठी लिहायला काय झालं होतं तुला?

परवा मारुतीही वैतागला. कोपरा घासायचा म्हणून त्याने भिंतीला लागलेलं पुस्तकांचं कपाट ओढलं आणि थांबला.

"काका, हिकडं या."

कपाटामागची भिंत झणझणीत नारिंगी. बघवेना इतकी.

"काकूंचा मूळ रंग ह्यो हाय. बाकीचा दुपारच्या उन्हानं उतरलाय, त्योबी जागोजागी येगळा. तुमी उतरलेला जुळवत बसलाय व्हय?"

मी सोफ्यावर बसलो.

वर्षभर भेटायला येणाऱ्यांना मी सांगत होतो, सुनीता किती शांत, किती समजूतदार.

शांत? सुनीता?

भाजीवाल्यापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत एकाला तिने सोडलं नव्हतं. माझ्याशी तर सहा-सहा दिवस अबोला. हसली की खालच्या मजल्यावर कळायचं. ती बाई मी कुठे ठेवून दिली होती? चांगलं बोलता बोलता मीच तिला फिकी करून टाकली होती. मला रडू आलं. मारुती बिचारा बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

मग आत येऊन म्हणाला, "कंचा करू? ह्याचा टवका दिला तर मशीन जुळवून देतंय."

"हाच कर. अख्खी भिंत."

काल झाली.

आज सकाळी गुरुजी आले. भिंतीकडे बघून चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"रंग जरा भडक नाही का झाला?"

म्हटलं, "हो. ती होतीच तशी."

भावपूर्ण श्रद्धांजली वगैरे खाली कमेंटमध्ये तुम्ही लिहालच. मला एवढंच लिहायचं आहे.

सुनीता, रंग छान आहे गं. मी चुकलो होतो.