काचताईची वाकडी काच

चष्म्याच्या काचा घासण्यात काचताईचा हात धरणारं बाजारात कुणी नव्हतं. तीस वर्षं तिचा एकच हट्ट: काच एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला बारीक राहता कामा नये. राहिली, तर उजेड जाड बाजूकडे वळतो आणि गिऱ्हाइकाला भिंती सरकल्यासारख्या दिसतात. कड नुसती चिमटीत धरली, तरी केसाएवढा फरक तिच्या बोटांना कळायचा. मग ती त्या काचेवर अशी डाफरायची, जणू काचेनं मुद्दामच केलंय!

तिचा धाकटा भाऊ शिंपी. शिडीवरून पडला तेव्हापासून त्याला एकाचे दोन दिसायला लागले. पठ्ठ्यानं कुणाला सांगितलं असेल तर शपथ! एक डोळा मिटून शिवत बसायचा. झालं, शिंपी बायकांना डोळा मारतो अशी बोंब उठली आणि त्याच्या बायकोचा नुसता तिळपापड झाला. तेव्हा कुठे त्यानं खरं सांगितलं. पण एका डोळ्यानं अंदाज येईना, शिवण वाकडी जायला लागली, गिऱ्हाइकं तुटली. शेवटी त्यानं शिलाई मशीन विकायला काढलं. रविवारी घेणारा येणार होता. मशीन गेलं की आपला भाऊ खचला, हे काचताईला पक्कं ठाऊक होतं. तिनं त्याला ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, "उजवी काच लोलकासारखी करा. कानाकडे जाड, नाकाकडे बारीक. उजेड तेवढा वळला की दोन्ही चित्रं एकावर एक बसतील."

"वाकडी काच? आणि ती माझ्या हातून?"

"हो, चांगली मुद्दाम वाकडी!"

शनिवारी काच तयार झाली. भावानं चष्मा घातला, सुईकडे पाहिलं आणि बहिणीचं मन राखायला म्हणाला, "फ्रेम झकास आहे हं, ताई."

"आणि सुया किती?"

"सुया... दोन."

काचताईनं काच काढून मापली. दोन्ही कडा तंतोतंत सारख्या! सवयीच्या बोटांनी जाड बाजू घासून घासून सरळ करून टाकली होती आणि बाईसाहेबांना पत्ताच नाही. तिनं कपाळावर हात मारला, आणि मग दोघं बहीणभाऊ पोट धरून हसले.

"जाऊ दे ना, ताई," डोळे पुसत भाऊ म्हणाला. "उद्या तो माणूस येतोच आहे."

"तू गप रे!"

रविवारी उजाडताच ती नव्या काचेला भिडली. या वेळी हातांत जाडजूड रबरी मोजे. बोटांना काही कळूच द्यायचं नाही, फक्त मापाचं ऐकायचं. जीव नुसता कासावीस झाला बिचारीचा! आयुष्यात पहिल्यांदाच तिनं स्वतःच्या हातांवर अविश्वास दाखवला होता. झाली एकदाची काच. इतकी बेढब, की दुसऱ्या कुणी केली असती तर तिनं त्याला दुकानाबाहेर काढलं असतं.

ती धापा टाकत भावाकडे पोचली, तर मशीन घेणारा दोरी घेऊन दारात हजर. भावानं चष्मा चढवला. दोन्ही डोळे उघडे ठेवून सुईकडे पाहिलं, दोऱ्याचं टोक उचललं आणि पहिल्याच झटक्यात ओवलं. काचताईला हसू आवरेना आणि रडूही.

"मग, उचलू ना मशीन?" दारातल्या माणसानं विचारलं.

भावानं मापाची टेप गळ्यात टाकली आणि तो त्या माणसासमोर जाऊन उभा राहिला. "मशीन राहू द्या. हात वर करा, छातीचं माप घेतो. शर्ट कुठल्या रंगाचा शिवू?"