हिराबायला मी मराठी शिकवतो

सांगण्यासारखं नाही हो, पण चहा ओतलाच आहेत तर ऐका. आता लाज वाटायचंसुद्धा त्राण राहिलेलं नाही.

पालघर जिल्हा नवानवा झाला होता, आणि त्याच सुमारास मीही नवानवा डहाणूत आलो. मी मूळचा सांगोल्याचा. बत्तीस वर्षं एसटी स्टँडवर कंट्रोलर. बायको गेली, मुलगा म्हणाला, "बाबा, आता इकडेच या." आलो. मुलगा सकाळीच तलासरीकडे कंपनीत, सूनबाई वैशाली शाळेत शिकवायला. घरात मी आणि पंखा. पंखा तरी फिरत होता!

पण मी एकटा पडलो होतो असं समजू नका हं! मला काळजी दुसऱ्यांची. परमुलखातून आलेली म्हातारी माणसं, ना ओळख ना भाषा, त्यांना कोण विचारतं? ठरवलं, दर गुरुवारी दुपारी आमच्या बिल्डिंगखाली गप्पांचा वर्ग घ्यायचा. हजेरीची वही आणली. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बाहेरून आलेले ज्येष्ठ'.

आता माणसं हवीत. समोरचे तिवारीजी हिंदी बोलायचे. झाले एक! दुसरी सापडली मासळी बाजारात. डोकं पांढरं, पुढ्यात बोंबलांची टोपली, आणि गिऱ्हाइकाला हाका गुजरातीत. "आवो बेन, ताजी माछली छे!"

अरेरे, या वयात परक्या गावात मासे विकते बिचारी! बोर्ड बघून गाडी ओळखणारा माणूस मी. लगेच ओळखलं, गुजरातची पॅसेंजर.

"बाई, मराठी येतं का?" मी सावकाश, मोठ्याने विचारलं.

तिने माझ्यासोबत आलेल्या वैशालीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "थोडू थोडू."

"घाबरू नका. मी शिकवतो!"

वैशाली ओढणी तोंडावर धरून खोकायला लागली. मला वाटलं, वासाने.

तीन महिने शिकवलं हो हिराबायला! "हे घर आहे. ही खिडकी आहे." ती निमूट म्हणायची. चुकायचीसुद्धा बेताने, मला दुरुस्त करायला मिळेल एवढंच. तिवारीजी मान डोलवायचे. मी बुधवारीच पाठ काढून ठेवायचो. गुडघे बोंबलत असायचे, पण गुरुवारी दाढी करायचो म्हणजे करायचोच.

मग मला अवदसा आठवली. म्हटलं, यांना आपला मुलूख दाखवू. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला नेऊ!

चारोटी नाक्यापर्यंत व्यवस्थित गेलो. तिथे जीपगाड्या उभ्या. तिवारीजी काही बोलायला गेले, तर मी हात वर केला. "राहू द्या! गाडीत बसवणं हे माझं खातं!" बसवलं दोघांना. गाडी सुटली. कासा मागे पडलं, आणि माझा पाठ चालूच. "हिराबाय, म्हणा, हे झाड आहे."

"झाड मरू दे!" हिराबाय कडाडली. "अहो कंट्रोलर, गाडी जव्हारकडे चाललीय! देवी राहिली हायवेला! ए दादा, थांबव, थांबव!"

ड्रायव्हरने मान वळवली. "हिरामावशी? तू होय मागे? आणि तुला रस्ता कोण दाखवतंय?"

सगळी जीप माझ्याकडे बघायला लागली. उतरलो. भर उन्हात रस्त्याच्या कडेला आम्ही तिघं.

"तुम्हाला... मराठी येतं?"

"मग काय! आमच्या पाच पिढ्या या किनाऱ्यावर गेल्या. गुजराती गिऱ्हाईक आलं की गुजराती बोलायचं, नाहीतर मासे कोण घेणार? आणि या देवीच्या जत्रेला मी आईच्या कडेवर बसून आलेय."

"मग तीन महिने 'हे घर आहे' कशाला म्हणत होतात?"

"तुम्ही बाजारात भेटलात ना, तुमची सून त्याच दिवशी परत आली होती माझ्याकडे. डोळ्यांत पाणी. म्हणाली, मावशी, बाबा दिवसभर पंख्याकडे बघत बसतात, धड जेवत नाहीत. आज पहिल्यांदा आपणहून कुणाशी बोलले, तर तुम्ही या. आले. शिकवताना तुमच्या तोंडावर तजेला यायचा हो. म्हटलं, आपलं काय जातंय?"

मी तिवारीजींकडे वळलो. "तुम्ही तरी बाहेरचे ना?"

"बावीस वर्षं झाली डहाणूत," ते स्वच्छ मराठीत म्हणाले. "मुलगी गंजाडला दिलीय. मघाशी तिच्या दारावरूनच आलो. पण तुमचं शिकवणं चाललं होतं, म्हणून हाक मारली नाही."

राग नाही आला. रडू आलं. एकटं राहून मी किती दमलो होतो, ते सगळ्या डहाणूला ठाऊक, फक्त मलाच नाही! हिराबायने पाण्याची बाटली पुढे केली. मग तिनेच हात करून उलटी जाणारी गाडी थांबवली, आणि देवीचं दर्शन तिनेच घडवलं.

पुढच्या गुरुवारी मी गुमान जाऊन बसलो. हिराबायने वही ओढून घेतली आणि शाळेतून आलेल्या वैशालीच्या हातात दिली. "वाच गो, वर काय लिहिलंय?"

"बाहेरून आलेले ज्येष्ठ," वैशालीने वाचलं.

"माझं नाव खोड. तिवारींचं खोड. आता यांचं लिही आणि पुकार."

सुनेने सासऱ्याचं नाव पुकारलं. करतो काय? "हजर," म्हणालो.

"आता आपण गुजराती शिकायचं," हिराबाय सावकाश, मोठ्याने म्हणाली. "घाबरू नका. मी शिकवते. म्हणा, आ घर छे."

चार वेळा चुकलो हो. आणि मी काही बेताने चुकत नव्हतो!