सासऱ्यांची बटणाची डबी

जगातल्या कुठल्याही वस्तूची दुसरी प्रत असू नये, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला आहे, आणि लग्न करून मी नेमकी त्याच्याच घरात सून म्हणून गेले. माझे सासरे निवृत्त होईपर्यंत गोव्यात पाळी गावच्या एका खाणीवर स्टोअर सांभाळत. जुनी वस्तू जमा केल्याशिवाय नवी मिळणार नाही, हा नियम सगळ्याच स्टोअरांत असतो. बाबांनी तो पुढे नेला होता. कोणाचा डावा हातमोजा फाटला तर ते नवा जोड फोडत, त्यातला डावा देत आणि उजवा कपाटात ठेवून उजवा फाटणाऱ्या माणसाची वाट पाहत. खाण बंद पडली, स्टोअरला कुलूप लागलं, बाबा पार्शाला आपल्या घरी आले. येताना सामान काही आणलं नाही, नियम तेवढे घेऊन आले. "वस्तू दोन झाल्यो की एक आळशी जाता," असं ते म्हणतात, आणि म्हणताना आपल्याकडे अशा नजरेने बघतात की त्या दोनांतली आळशी कोण, ते आपल्याला कळावं.

आमच्या घरात चष्मा एक आहे. बाबा आणि सासूबाई या दोघांचा वाचायचा नंबर सारखा निघाला, तेव्हा बाबांना झालेला आनंद सासूबाई अजून वर्णन करून सांगतात. लग्नात पत्रिका जुळली नव्हती, ती उणीव डोळ्यांच्या डॉक्टरने भरून काढली, असं त्यांचं मत. जेवताना आधी सासूबाई चष्मा लावून बांगड्याचे काटे काढतात. तोवर बाबा नुसता आमटीभात जेवतात. मग चष्मा ताटावरून पलीकडे जातो आणि बाबांचा बांगडा सुरू होतो. वर्तमानपत्रही एकच, तेसुद्धा शेजाऱ्यांबरोबर भागीत. बाहेरची पानं सकाळी आमच्याकडे, आतली त्यांच्याकडे, आणि पोदेर पाव देऊन गेला की अदलाबदल. पहिल्या पानावरची बातमी अर्ध्यावर तुटून 'पान पाचवर पाहा' आलं की बाबा कुंपणाच्या गडग्यापाशी जाऊन ओरडतात, "पुढे काय झाला रे?" शेजारी पलीकडून ती वाचून दाखवतो. यामुळे बातमी समजायला उशीर होतो, पण ती दोघांनाही पाठ होते.

अशा या घरात मी माहेरच्या साखळी गावाहून आले ती दोन छत्र्या, दोन टॉर्च आणि दोन चार्जर घेऊन. सासूबाईंनी कौतुक केलं. बाबांनी मोजदाद केली. माझा नवरा बोटीवर काम करतो. वर्षातला बराच काळ तो समुद्रात कुठेतरी असतो आणि त्याचा फोन आला की आधी वाऱ्याचा आवाज येतो. म्हणजे घरात आम्ही तिघंच. सासूबाईंचा दिवस मागच्या भाटात, काजूंच्या झाडांत, आणि पुढच्या अंगणात जातो. त्यामुळे दिवसभर घरात बसणारी माणसं दोन, मी आणि बाबा. आणि आमच्या दोघांत टेबल एक.

ते टेबल खिडकीपाशी होतं, आणि इंटरनेट नीट चालायचं ते त्याच खिडकीपाशी. टेबलावर बाबांचा कॉम्प्युटर होता. त्यांना तो कशाला, तर नाटकासाठी. जत्रेला गावातली मंडळी जे पौराणिक नाटक करतात, त्याचे बाबा पिढीजात म्हणावेत असे प्रॉम्प्टर आहेत. राजे बदलले, राण्या बदलल्या, पूर्वीचे राक्षस आता ऋषी होऊन आशीर्वाद देतात; विंगेतला आवाज मात्र तोच राहिला. नाटकाची जुनी हस्तलिखित प्रत हातात धरवेना इतकी जीर्ण झाली, तेव्हा मुलाने बोटीवरून आल्यावर एक मोठा मॉनिटर आणि कॉम्प्युटर घेऊन दिला आणि बाबा ते नाटक टाइप करायला बसले. इंग्रजी अक्षरं दाबायची, की पडद्यावर मराठी उमटतं, अशी सोय त्याने करून दिली होती. बाबा एका बोटाने टाइप करतात, मान वर करत नाहीत, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी एंटर दाबतात, तेही टाळी द्यावी तसं.

मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करायचे. लॅपटॉप कंपनीचा होता, पण त्याचा पडदा एवढासा आणि माझे तक्ते हे एवढे. मी बाबांना म्हटलं, "मी एक मॉनिटर घेते. कीबोर्ड नि माऊसही घेईन."

"आसा मा एक?" बाबा म्हणाले.

"तो तुमचा आहे."

"सगळो दिवस मी खंय टाइप करतंय? आणि तू तरी सगळो दिवस खंय काम करतंस?"

दुसऱ्या दिवशी ते म्हापशाला गेले आणि एक काळी डबी घेऊन आले. तिला मागून वायरी फुटलेल्या होत्या आणि वर एक बटण होतं. एका बाजूला बाबांचा कॉम्प्युटर जोडायचा, दुसऱ्या बाजूला माझा लॅपटॉप. बटण दाबलं की मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस, सगळा संसार, इकडून तिकडे जायचा. दुकानदाराने हे दाखवलं तेव्हा बाबांना भरून आलं असणार. आयुष्यभर जे ते माणसांना पटवून देत होते, ते कोणीतरी डबीत घालून विकत होतं. डबीवर दोन दिवे होते. "एक नंबर माझो, दोन नंबर तुझो," असं त्यांनी जाहीर केलं आणि माझ्या दिव्याखाली कुंकवाचा ठिपका लावला, म्हणजे घोटाळा नको.

मग शिस्त आली. नुसतं बटण दाबून चालायचं नाही. खुर्चीवरून उठताना "चार्ज घे" म्हणायचं, बसणाऱ्याने "घेतला" म्हणायचं, मगच बटण. खाणीवर पाळी बदलताना असंच असायचं म्हणे. दाबल्यावर पडदा क्षणभर काळा व्हायचा. त्या काळोखात बाबा श्वास रोखून उभे राहत, पडदा उजळला की "आयला!", म्हणजे 'आला', म्हणत आणि मगच पाणी प्यायला जात.

पण ते फार लांब जात नसत. टेबलावर माझी पाळी आली की ते माझ्या मागच्या आरामखुर्चीत बसत, आणि तिथेच खरी पंचाईत होती. मागे बसून गप्प राहण्याची कला प्रॉम्प्टरला येत नाही. मीटिंग चालू असली आणि मी उत्तर देताना अडखळले की मागून बारीक आवाज येई. एकदा मॅनेजरांनी विचारलं, काम कधी पुरं होईल? मी मनात दिवस मोजत होते. तेवढ्यात मागून कुजबुज आली, "शुक्रवार. शुक्रवार म्हण." मी गडबडीत शुक्रवार म्हणून टाकलं. मॅनेजर साताऱ्याचे, कान तिखट. ते म्हणाले, "मॅडम, शुक्रवार चालेल, पण तुमच्याकडे आधी कोण बोललं?" मी सांगितलं, घरात रेडिओ चालू आहे. बाबा त्या दिवशी रागावले. रेडिओ म्हटल्याबद्दल नव्हे. मी वाक्य नीट उचललं नाही म्हणून.

असं आमचं बरं चाललं होतं, आणि कंपनीने सगळ्यांना पुन्हा ऑफिसात बोलावलं. पुण्याला या, नाहीतर कळवा. मी घरी कोणाला काही बोलले नाही. मॅनेजरांना तेवढं कळवलं की सासूसासरे म्हातारे आहेत, नवरा बोटीवर असतो, त्यांच्याकडे बघायला दुसरं कोणी नाही, तेव्हा मला घरूनच काम करू द्या. त्यांनी ते वर पाठवलं होतं, आणि मी उत्तराची वाट पाहत होते.

त्या सकाळी मॅनेजरांशी चॅट उघडं ठेवून मी पेज ढवळायला आत गेले. जाताना वाटलं, बाबा आता येतीलच, त्यांना तयार मिळावं. म्हणून चार्ज वगैरे न देता बटण दाबून गेले. बाबा आले. त्यांना वाटलं, पोर घाईत गेली, बटण राहिलं असेल, त्यांनीही दाबलं. आम्ही दोघांनी एकमेकांसाठी बटण दाबलं, आणि पडदा माझ्याकडून निघून पुन्हा माझ्याकडेच आला. बाबांनी मान खाली घातली आणि कालच्या ठिकाणापासून राणीचं भाषण पुढे टाइप करायला घेतलं. माझ्या लॅपटॉपवर मराठीची ती सोय नव्हती, त्यामुळे राणी इंग्रजी अक्षरांत बोलू लागली; आणि बाबांच्या प्रत्येक एंटरबरोबर तिचं एकेक वाक्य थेट साताऱ्याच्या माणसाकडे जात राहिलं. 'राजन, तुमच्या दरबारात सत्याला आसन नाही.' टाळी. 'जिथे सत्याला आसन नाही, तिथे मलाही नको.' टाळी. 'ही मी निघाले, मला अडवू नका.' टाळी.

मी चुलीपाशीच होते, तेवढ्यात बाहेरून हाक आली.

"बाये! गो बाये! हो राजा माका इंग्लिशीत उत्तर देता!"

मी धावत गेले. बाबा खुर्चीत ताठ बसले होते. सगळी हयात विंगेतून बोलण्यात गेली. रंगमंचावरून आजवर त्यांना कोणी उलट उत्तर दिलं नव्हतं. चेहऱ्यावर भीती होती, पण थोडा अभिमानही असावा. पडद्यावर राणीच्या तीन वाक्यांखाली मॅनेजरांचा मजकूर होता: एवढं टोकाचं पाऊल उचलू नका, राजीनाम्याची भाषा कशाला, सासूसासऱ्यांची तुमची अडचण मी वर सांगितली आहे, दोन दिवस थांबा.

मी हसत हसत बाबांना घोटाळा समजावू लागले, आणि मध्येच थांबले, कारण बाबा हसत नव्हते. त्यांनी सासूबाईंना हाक मारून चष्मा मागवला, तो लावला आणि मजकूर पुन्हा पहिल्यापासून वाचला. इंग्रजी त्यांना खाणीवरच्या कागदांपुरतं येतं, तेवढं पुरलं.

"तुका पुण्याक बोलावल्यानी?"

"हो."

"आणि तू आमची सबब सांगलंस?"

मी टेबलावरची वायर उगाच सरळ करू लागले.

"माझ्या नावार एक खिळो जरी कोणी उचललो तरी मी सही घेय," बाबा म्हणाले. "तू माझ्या नावार सबंध सबब उचललंस आणि माका इचारूक नाय?"

"बाबा, मला जायचंच नाही."

"खरा सांग."

खरं असं होतं की मला जायचंही होतं. ते काम मला आवडायचं, तिथे माझ्या हाताखाली माणसं मिळणार होती. आणि जायचं नव्हतंही. हे टेबल, मागची ती आरामखुर्ची, सासूबाईंचा तिन्हीसांजेचा चहा. हे दोन्ही एकदम कसं सांगायचं ते मला सुचेना. दारात उभ्या असलेल्या सासूबाई म्हणाल्या, "तिका काय इचारतास? तिच्या तोंडार दिसता."

बाबा उठले. मला खुर्चीत बसवलं आणि माझ्या मागे उभे राहिले. "चार्ज घे," म्हणाले. मी "घेतला" म्हटलं. आणि मग त्यांनी, आयुष्यात पहिल्यांदा असेल, कुजबुज न करता खणखणीत आवाजात प्रॉम्प्टिंग केलं.

"लिही. मी येतंय."

मी कीबोर्डवर हात ठेवला, पण बोटं हलेनात.

"वाक्य सोपा आसा गो. अडखळू नको. मी येतंय."

मी लिहिलं. ते वाकून बघत राहिले, चष्मा नाकावर सरकला होता. "आता लिही, जत्रा झाल्यार. आणि खाली लिही, दर जत्रेक रजा होयी. ता आदीच ठरलेला बरा."

उत्तर लगेच आलं. मॅनेजरांनी दोन्ही मान्य केलं आणि शेवटी, मराठीत, विचारलं की ती राणी पुढे जाते कुठे. बाबांनी उत्तर द्यायला नकार दिला. "नाटक बघूक येवक सांग," म्हणाले.

जत्रा झाली. नाटक झालं. मॅनेजर आले नाहीत, पण नव्या छापील प्रतीवरून प्रॉम्प्टिंग झालं आणि राणीच्या भाषणाला बायकांनी डोळे पुसले. मग एका संध्याकाळी मी म्हापशाहून पुण्याची बस धरली. निघताना मी डबीतून माझी वायर काढायला गेले, तर बाबा म्हणाले, "ऱ्हवंदे." बसपाशी ते इतर सगळ्याबद्दल बोलले, पुण्यातल्या थंडीबद्दल, पावाच्या दर्जाबद्दल. बस सुटल्यावर हात मात्र त्यांनी हलवला नाही, कारण एका हातात माझ्या सासूबाईंची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात सासूबाई.

इथे माझ्या ऑफिसात प्रत्येकाला दोन दोन मॉनिटर आहेत. मी बाबांना हे अजून सांगितलेलं नाही.

दर रविवारी सकाळी मी खोलीवर उरलेलं काम घेऊन बसते आणि बाबांचा व्हिडिओ कॉल येतो. सुरुवातीला आम्ही दोघांनीही ठरवून बोलून बघितलं: जेवलीस का, ऊन किती, काजू कसे आलेत. ते फार टिकलं नाही. आता बाबा फोन मॉनिटरला टेकवून ठेवतात आणि आपलं नाटक टाइप करत बसतात. यंदा ते स्वतःचं नवीन लिहिताहेत. मी माझे तक्ते भरते. मागून कधी सासूबाईंचा आवाज येतो, "अहो, फोन लावल्यात मा? मगे बोलत कित्याक नाय?"

"काम चालू आसा आमचा," बाबा म्हणतात.

पलीकडून एका बोटाने टाइप केल्याचा आवाज येत राहतो. मध्येच तो बराच वेळ थांबतो. मग मी हातातलं काम सोडून वर बघते, आणि तो पुन्हा सुरू होईपर्यंत वाट पाहते.