देव्हाऱ्यातली दोन खोकी

ती खंडेनवमी मी अजून विसरलेलो नाही. सत्य पोलिसांपासून फार काळ लपत नाही, असं मी माझ्या निरोप समारंभात म्हणालो आणि टाळ्याही घेतल्या. या प्रकरणात सत्य वर्षभर हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात बसलं होतं.

नव्वदच्या दशकाचा शेवट. कल्याणच्या आमच्या ठाण्यात रायफलींची पूजा चालू असताना दोन गृहस्थ आले. डोंबिवलीचे एक निवृत्त मास्तर आणि विठ्ठलवाडीचे त्यांचे व्याही. दोघांच्याही हृदयाच्या रक्तवाहिनीत एकाच डॉक्टरांनी स्टेंट, म्हणजे स्टीलची बारीक जाळी, बसवली होती. खात्री पटावी म्हणून रिकामं खोकं घरच्यांच्या हातात दिलं होतं. मास्तरांच्या घरी ते वर्षभर देव्हाऱ्यात होतं. जीव ज्यावर चालतो ते हत्यारच, असं म्हणून मास्तरांनी व्याह्यांचंही खोकं त्या दिवशी पूजेला मागवलं. शेजारी ठेवल्यावर दिसलं, प्रत्येक जाळीचा वेगळा असतो तो नंबर दोन्हींवर एकच.

"साहेब, जाळी यांच्यात आहे की माझ्यात, एवढं शोधून द्या," व्याही म्हणाले.

मास्तर हसले नाहीत. त्यांच्या छातीत पुन्हा दुखू लागलं होतं. डॉक्टर म्हणत, गॅस आहे, जाळी आहे ना, खुशाल जिने चढा. मास्तर चढत होते.

मला आधी छपाईचा घोळ वाटला. तरी मुंबईच्या इस्पितळात दोघांची पुन्हा तपासणी करवली. व्याह्यांची जाळी जागेवर होती. मास्तरांच्या रक्तवाहिनीत अडथळा तेवढा होता. जाळी नव्हतीच. खून, दरोडे पाहिले होते. जिवंत माणसाच्या छातीत केलेली चोरी पाहिली नव्हती. मास्तरांना तिथेच दाखल करून घेतलं.

चौकशीत डॉक्टर अस्खलित इंग्रजीत बोलत राहिले. जाळी विरघळली असेल, असंही म्हणाले. स्टीलची. अटक म्हणताच त्यांनी छाती धरली. ही प्रथा जुनी आहे, पण या वेळी घाम खरा होता. जीपमध्ये घालून मी ड्रायव्हरला त्यांच्याच हॉस्पिटलचा रस्ता सांगितला. डॉक्टर ताडकन उठून बसले आणि पहिल्यांदाच मराठीत बोलले.

"तिथे नको."

"का हो डॉक्टर? सोय उत्तम आहे म्हणालात."

"साहेब, तिथे जाळ्या नाहीत. खोकीच आहेत."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. डॉक्टरांच्या कपाटातली, एकाच खऱ्या खोक्यावरून छापून घेतलेली खोकी चालली.

मास्तरांना मुंबईत खरी जाळी बसली. खोकं त्यांनी मागितलं नाही. लोक ज्याला हात जोडतात, ते आधी उघडून पाहावं, एवढं मी शिकलो.

डॉक्टरांना आम्ही सरकारी इस्पितळात नेलं. गॅस निघाला.