फुकट काहून?

नागपूर स्टेशनावर गाडी हलली तेव्हा बाबांनी मला जपून जा म्हटलं नाही. मला पुण्याच्या होस्टेलवर सोडायला माझे कबड्डीचे मास्तर सोबत निघाले होते. खिडकीतून त्यांच्याकडे बोट दाखवून बाबा म्हणाले, "यायच्यावर नजर ठेवजो गा." मास्तर हसले. त्यांना सवय होती.

मास्तर नागपुरातल्या सदर भागात एका कचेरीत कारकून. संध्याकाळी आमच्या वस्तीच्या मैदानावर शिकवायचे, एक पैसा न घेता. घरचा हातमाग कधीच बंद पडला होता, बाबा कळमन्याच्या बाजारात पोती उचलायचे. मी शाळा बुडवून चौकातल्या एका 'भाऊ'च्या मागे फिरायचो. भाऊ तर्री-पोहे चारायचा, मोबाइल वापरायला द्यायचा आणि मग हळूच एखादी पिशवी कन्हानला पोचवायला सांगायचा. आत काय आहे ते विचारायचं नाही, घरी बोलायचं नाही. बाबांना हे कळलं आणि नेमके तेव्हाच मास्तर मला कबड्डीसाठी मागायला दारात आले.

बाबा भडकलेच. "फुकट तर तो भाऊही चारते. तुम्ही काहून शिकवून राहिले?"

"बसा न मैदानावर. पाहून घ्या," मास्तर म्हणाले. बस, एवढंच.

बाबा खरंच येऊन बसले. रोज. बाजारातून थेट, अंगावर पोत्यांची धूळ, मैदानाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत. मास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला की बाबांची मान ताठ. "तुहा वॉचमन आला न बे," पोरं चिडवायची. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. भाऊ मोटारसायकलवर फाटकाशी यायचा, खुर्ची पाहून परत फिरायचा. पुढे पुढे यायचाच बंद झाला.

तिकडे नागपुरात राहिलेले तुम्ही मैदानावरचे दोस्त म्हणता, मास्तरांनी आपल्याला वाचवलं. खरं आहे. पण अर्धं श्रेय मी त्या खुर्चीला देतो.

माझं 'मले-तुले' बोलणं पुण्यात पहिल्याच वर्षी होस्टेलच्या हसण्यात गेलं. आता इथेच खेळामुळे मिळालेली नोकरी आहे आणि संध्याकाळी कालव्याकडच्या वस्तीत पोरांना कबड्डी शिकवतो. बाबा फोनवर विचारतात, "तू फुकट काहून करून राहिला? कोणी फसवून तर नाही राहिलं तुले?" त्यांचा माझ्यावरही भरवसा नाही. माझाही पुरता नाही. मी पोरांसाठी जातो की 'सर, सर' ऐकायला, कोण जाणे.

बाकीच्या पोरांच्या आया माझ्या पाया पडायला येतात, त्याची मला धास्तीच वाटते. परवा मात्र एका पोराची आई कामावरून थेट मैदानात आली, पदर खोचलेलाच. "फुकट का शिकवता हो? तुमचा काय फायदा?"

मी धावत जाऊन खुर्ची आणली, कडेला ठेवली. "बसा न मावशी. पाहून घ्या." इतक्या वर्षांनी तो नागपुरी 'न' तोंडातून निघाला. मावशी बसल्या. खेळ संपेपर्यंत त्यांची नजर माझ्यावरून हटली नाही, आणि मला घरी आल्यासारखं वाटलं.